बिनगजांची खिडकी

कसबा पेठ, पुणे
३१ ऑक्टोबर २०००

चि. श्रद्धा हिस,

सुनीतीकाकूचे अनेक आशीर्वाद. दिवाळी सरली आणि तुझ्या आईची पत्रासाठी घाई सुरू झाली. आत्ता आमचं घरकाम आटपून, समोर बसून ती लसूण सोलते आहे आणि मजकूर सांगते आहे. आधी तिचा निरोप लिहून टाकते, नाहीतर ती मला माझं काही लिहू द्यायची नाही.

"शरदे, पोटभर जेवत जाय. मेसवालीनं कमी देल्लं तं मांगून घे. तुयी तुळजामावशी लोणीवरून आली व्हती, तुले इचारत व्हती. तुयाबिगर दिवाळी सुनी गेली. सुट्टी भेटली का ये. एका दिसाची भेटली तरी ये."

आता माझं. माडीवरच्या खिडक्या आम्ही बदलल्या. त्या जुन्या सागवानी चौकटी, चार-चार झडपा, वर लाल-निळ्या काचांची कमान आणि मधले लोखंडी गज, सगळं काढलं. तू लहानपणी त्या गजांतून पाय बाहेर सोडून पाढे म्हणायचीस, ती खिडकीही त्यातच गेली. आता अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. आमच्या दिग्विजयच्या कॉम्प्युटरवर रोज धुळीचा थर बसायचा. शिवाय रात्रभर अमेरिकेशी काम करून तो पहाटे झोपतो, आणि सातला आपली आळी उठते. जुन्या झडपांच्या फटींतून सगळी आळी त्याच्या उशाशी यायची.

खरं म्हणजे असं बदलता येत नाही. आपली आळी महापालिकेच्या जतनाच्या यादीत आहे. घरांचं तोंड आहे तसं ठेवायचं. दुरुस्ती केली तरी लाकडाच्या जागी लाकूड, गजाच्या जागी गज. काकांनी अर्ज केला तो दुरुस्तीचाच, आणि काम उरकलं दिवाळीत, कचेऱ्या बंद असताना. मी म्हटलं, कोणी विचारलं तर? म्हणाले, "खिडकी बदलायला महापालिकेला विचारायचं, मग श्वास घ्यायला कोणाला विचारायचं?"

आतून लोखंडी जाळी बसायची आहे, पण कारखाना येरवड्याचा आणि कारागीर सुट्टीवर. दिग्विजयला तर ती नकोच आहे. म्हणतो, येरवड्याहून आणलेली जाळी येरवड्याच्या तुरुंगासारखीच दिसणार. येत्या रविवारी त्याला सांगून आलेल्या मुलीचे, प्रियदर्शनीचे, आईवडील घर बघायला येताहेत. औंधच्या मोठ्या फ्लॅटमध्ये राहणारी माणसं. त्यांच्या डोळ्यांसाठी तरी घर उजळलं हे बरं झालं.

तुझ्या आईनं काच सरकवून पाहिली, खाली डोकावली आणि म्हणाली, "हे खिडकी नाय वहिनी, हे तं दार झालं." आम्ही सगळे हसलो.

तिकडे अमरावतीला, कॉलेजातले सराव पाठ नीट घे. फळ्यावर अक्षर मोठं काढ.

तुझी,
सुनीतीकाकू


कसबा पेठ
८ नोव्हेंबर २०००

चि. श्रद्धा,

पत्र वाचताना घाबरू नकोस. शनिवारी तुझ्या आईला थोडं लागलं आहे. गच्चीवर गोधड्या वाळत घालत होती, कठड्याशी तोल गेला आणि खाली आली. देवाची कृपा, डोक्याला काही नाही. दोन्ही पायांना आणि कमरेला मार आहे. सरकारी दवाखान्यात चांगली सोय झाली आहे. काका रोज जातात, मी दोन्ही वेळेला डबा नेते. समोरच्या एजाजभाईंनी त्या वेळी फार धावपळ केली. आपल्या दुकानातली नवी कोरी गादी टेम्पोत टाकली आणि तिला त्यावर घालून नेलं.

तू निघून येशील म्हणून लगेच लिहिते आहे. येऊ नकोस. तुझे पाठ चालू आहेत, त्यांचे गुण वार्षिक निकालात धरतात असं तूच लिहिलं होतंस. इथे आम्ही आहोत. तुझ्या आईनंही हेच सांगितलं आहे. तिचे शब्द लिहिते:

"श्रद्धा, मी बरी हाय. तू कायजी करू नोको. शिक्षण सोडून येऊ नोको. वहिनी सारं पाहून रायल्या."

रविवारचे पाहुणे आम्ही पुढे ढकलले.

वरचेवर कळवीत राहीन.

सुनीतीकाकू


कसबा पेठ
२७ नोव्हेंबर २०००

चि. श्रद्धा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर द्यायला उशीर झाला, घरात गडबड होती.

तू विचारतेस की आई गच्चीच्या कठड्याशी गेलीच कशी, तिला तर उंचावर गरगरतं. श्रद्धा, माणूस रोजच्या कामात विसरतं. गोधडी जड होती, वारा होता. आता ते उगाळून काय मिळणार आहे?

आणि तू लिहितेस की आई असं बोलणार नाही. "आई मला शरदा म्हणते, श्रद्धा म्हणत नाही. आणि ती कधी येऊ नको म्हणाली नाही." अगं, दुखण्यातलं माणूस वेगळं बोलतं. मी लिहिण्यात एखादा शब्द इकडचा तिकडे केला असेल.

तब्येतीचं सांगते. दोन्ही टाचांची हाडं मोडली आहेत आणि कमरेचा एक मणका दबला आहे. डॉक्टर म्हणतात, चालेल. पण उकिडवं बसणं, ओझं उचलणं होणार नाही. आता ती जागी असते, बोलते. माझ्याशी थोडं कमी बोलते.

प्रियदर्शनीचे आईवडील काल येऊन गेले. माडीवरच्या पुढच्या खोलीतच बसवलं. उजेड किती छान येतो म्हणाले. बोलता बोलता तुझ्या आईचा विषय निघाला, तेव्हा तिचे वडील म्हणाले, "या लोकांना स्वतःची काळजी घ्यायची अक्कलच नसते. आणि नाव मात्र मालकाचं खराब." मी मान हलवली. चहा ओतत होते, म्हणून हलवली असेल. पण हलवली.

त्यात आणखी एक भर. महापालिकेची नोटीस आली आहे. आळीतल्या कोणीतरी तक्रार केली. जतनाच्या यादीतल्या घराच्या खिडक्या विनापरवाना का बदलल्या, याचा खुलासा मागितला आहे. काका म्हणतात, गज होतेच, नुसत्या काचा बदलल्या असं सांगू. जाळी आता बसलीच आहे, आदल्या दिवशी बसली असती तर

वरचं वाक्य मी पूर्ण करत नाही. कागद फाडवत नाही म्हणून हेच पाठवते.

सुनीतीकाकू


कसबा पेठ
१२ डिसेंबर २०००

श्रद्धा,

तू येऊन गेलीस, हे मला एजाजभाईंकडून कळलं. त्यांच्या दुकानात बसलीस, त्यांच्या हातचं पाणी प्यालीस, वर आमच्या खिडकीकडे बराच वेळ पाहिलंस आणि जिना न चढता गेलीस. मी संध्याकाळी डबा घेऊन दवाखान्यात गेले तर खाट मोकळी. शेजारची बाई म्हणाली, लेक आली आणि लोणीला मावशीकडे घेऊन गेली. डबा तिलाच दिला आणि परत आले.

म्हणजे तुला सगळं कळलं आहे. तरी मी लिहिते, कारण एजाजभाईंनी पाहिलं ते समोरून. माझ्या मनात काय होतं ते त्यांना दिसलं नसेल.

तुझी आई गच्चीवरून पडली नाही. माडीवरच्या नव्या खिडकीतून पडली.

शनिवार होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. बसवणाऱ्यांनी काचांवर बाहेरून पांढऱ्या लांबीचे, म्हणजे फटी बुजवायच्या लगद्याचे, डाग तसेच ठेवले होते. जुन्या झडपा आत उघडायच्या, दोन्ही बाजू आतूनच पुसता यायच्या. या काचा नुसत्या सरकतात. बाहेरची बाजू पुसायची तर अंग बाहेर काढावं लागतं. मी तिला म्हटलं, तेवढे डाग काढून टाक. ती म्हणाली, "जाळी लागू द्या वहिनी, मंग पुसते." अगदी साधेपणानं म्हणाली. मी म्हटलं, "जाळी पुढच्या आठवड्यात येणार, पाहुणे उद्या येणार. तू कधीपासून एवढी भित्री झालीस?"

ती भित्री नव्हती, तिला चक्कर येते, हे मला माहीत होतं. मी ते विसरले नव्हते.

ती गेली वर. आणि डाग दिसावेत म्हणून मी खाली आळीत जाऊन उभी राहिले. आपल्या त्या खिडकीचा उंबरठा किती खाली आहे तुला ठाऊक आहे, गुडघ्याइतका. पूर्वी लोक जमिनीवर बसून बाहेर बघत, म्हणून तसा ठेवलेला. गज होते म्हणून तो चालत होता. तिनं एक पाय उंबरठ्यावर ठेवला, डाव्या हातानं आत धरलं आणि उजव्या हातानं कागदाचा बोळा फिरवू लागली. मी खालून सांगत होते. वर. अजून वर. आता डावीकडे. एक डाग राहिला होता, कोपऱ्यात. मी म्हटलं, "थोडी पुढे हो की."

ती पुढे झाली. तोल सांभाळायला तिनं शेजारची काच धरली, आणि ती काच सरकली. सरकण्यासाठीच ती केलेली होती.

ती ओरडली नाही. आधी पायांवर आली, मग बसली. बसल्याबसल्या माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. मी जागची हलले नाही. एजाजभाई हातातलं कापसाचं पिंजण टाकून धावले, तेव्हा मला पाय असल्याचं आठवलं.

दवाखान्यात चौकीतला हवालदार आला. त्यानं आधी एजाजभाईंना विचारलं, तुम्ही काय पाहिलं. ते म्हणाले, "बाईंना विचारा. त्या तिथंच उभ्या होत्या." त्यांनी मला संधी दिली होती, ते मला त्याच क्षणी कळलं. माझ्या मागे काका उभे होते. रिक्षातून येतानाच त्यांनी सांगितलं होतं की खिडकीचं नाव निघालं तर परवान्याचं निघेल, विनापरवाना काम आणि त्यात माणूस पडलं, दिग्विजयचं व्हिसाचं चाललं आहे, घरावर पोलीस केस नको. मी हवालदाराला म्हटलं, गच्चीवरून. त्यानं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येरवड्याहून माणूस बोलावून जाळी बसवून घेतली. एका फोनवर आला तो. सुट्टीतही आला असता. आम्ही बोलावलं नव्हतं इतकंच.

आता त्या पत्राचं. मी ते लिहिलं तेव्हा तुझी आई गुंगीच्या इंजेक्शनखाली होती. एक शब्दही बोलली नव्हती. "येऊ नोको" हे मी लिहिलं. तिच्या बोलीत लिहिलं, म्हणजे तुला खरं वाटावं. इतकी वर्षं तिची पत्रं लिहून ती बोली माझ्या हातात बसली होती. तू आलीस तर आईला विचारशील आणि आई सांगेल, ही भीती होती. तुझ्या पाठांची काळजी वगैरे काही नव्हतं.

तिला शुद्ध आल्यावर मी तिच्या खाटेशी बसून म्हटलं, कांताबाई, मी गच्ची सांगितलं आहे. तिनं छताकडे पाहत विचारलं, "शरदेले कयवलं काय?" मी म्हटलं, कळवलं. ती म्हणाली, "मंग येईन पोरगी." आणि रोज तिनं मला हेच विचारलं, पोरगी कधी येते. मी रोज म्हणत राहिले, परीक्षा आहे, परीक्षा आहे.

माफी मागण्यासाठी हे पत्र नाही. तुला खोटं मी माझ्या अक्षरात लिहिलं, म्हणून खरंही माझ्याच अक्षरात तुझ्यापाशी असावं. हे पत्र तू कोणालाही दाखव.

सुनीती


कसबा पेठ
२२ जानेवारी २००१

श्रद्धा,

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. उघडलंस की नाही, ठाऊक नाही. तरी जे झालं ते कळवते.

तू पत्र चौकीत नेशील असं मला वाटत होतं. रोज दाराकडे कान लावून बसत होते. तू नेलं नाहीस. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मी तुझी वाट बघते आहे, म्हणजे हेही काम मी तुझ्यावरच टाकते आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी चौकीत गेले. फौजदाराला सांगितलं, माझा जबाब खोटा आहे, तो बदलायचा आहे. तो वैतागला. म्हणाला, "बाई, प्रकरण मिटलंय. जखमी बाईची तक्रार नाही. तुम्हाला काय सुचलंय?" मी म्हटलं, तिला तक्रार करायला कोणी विचारलंच नाही. बराच वेळ बसवून ठेवलं, पण शेवटी घेतला लिहून. एजाजभाईंनाही बोलावलं. या वेळी त्यांनी पाहिलं तसं सांगितलं. बाहेर पडताना मी त्यांना म्हटलं, भाई, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? ते म्हणाले, "भाभी, समोरासमोर राहायचं आहे. वाटलं, तुम्ही बोलाल." आणि पुढे म्हणाले, "माझंही चुकलंच." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, पण ते तसं म्हणाले.

काकांवर आणि माझ्यावर हयगयीचा गुन्हा दाखल झाला आहे. तारखा पडतील. काका माझ्याशी बोलत नाहीत. काही हवं असलं तर भिंतीला सांगतात: "मीठ कमी आहे." पूर्वी ते रागावून असं भिंतीशी बोलले की मला हसू यायचं.

दिग्विजय मात्र बोलला. मला म्हणाला, "आई, तुला मोकळं वाटावं म्हणून तू आम्हा सगळ्यांना खड्ड्यात घातलंस." खोटं नाही ते. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी तू आत झोपला होतास, तुला काही माहीत नव्हतं, तुला कोणी काही म्हणणार नाही. तो म्हणाला, "माहीत नव्हतं असं नाही. मी आवाज ऐकला होता. आळीत काहीतरी पडलं असेल म्हणून कुशीवर वळलो." आणि तो खाली बसला, लहान होता तेव्हा बसायचा तसा, जमिनीवर. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो आता बाणेरला मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. व्हिसाचं काय होईल माहीत नाही. प्रियदर्शनीकडच्यांना मी स्वतः फोन करून खरं सांगितलं. तिचे वडील म्हणाले, "अहो, हे सांगायची काय गरज होती?" नंतर त्यांचा फोन आला नाही.

महापालिकेच्या सुनावणीलाही गेले. काकांनी गज होते असा लेखी खुलासा दिला होता. मी उभी राहून सांगितलं, गज नव्हते. अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, जुन्या खिडक्या कुठे आहेत. परसात ताडपत्रीखाली होत्या. महिन्याच्या आत होत्या तशा बसवा असा आदेश झाला. सुतार येऊन गेला. तीन खिडक्या बसल्या आहेत, चौथी, पुढच्या खोलीतली, अजून बसायची आहे. त्या खोलीत मी जात नाही.

तू अमरावतीला परत गेली नाहीस असं ऐकते. आईपाशी कोणी नाही म्हणून राहिलीस. तुझं वर्ष जाणार, हे माझ्याच खाती.

सुनीती


अमरावती
२४ फेब्रुवारी २००१

श्रद्धा,

हे मी तुमच्या कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात बसून लिहिते आहे. परवा मी लोणीला आले होते ते तुला मावशीनं सांगितलं असेल. तू दळण आणायला गेली होतीस. आत येऊ का म्हणून मी दारातच उभी होते. तुळजाबाई म्हणाल्या, "आली हाय तर ये, दारात काय हाय?"

तुझी आई खाटेवर होती. हाताला धरून उभी राहते, दोन खोल्यांतून चालते, हे पाहिलं. मी काय काय ठरवून आले होते. तिनं बोलू दिलं नाही. म्हणाली, "खिडकीचं बोलू नोका वहिनी. तुमी सांगतलं, म्या केलं. तुमी नसतं सांगतलं तरी दुसऱ्या दिवशी पुसलीच असती म्या. ते मले समजते." मग थांबली. मला वाटलं संपलं. मला, खरं सांगते, थोडं हलकंही वाटलं.

मग ती म्हणाली, "पन माया नावानं तुमी पोरीले येऊ नोको लिवलं. म्या दवाखान्यात दाराकडं पाहात पडून व्हती. कोनाची बी पोरगी आली का मान उचलत व्हती. अन् मले वाटे, शिकली, आता कायले येते. म्या मनात लई शिव्या देल्ल्या शरदेले. माया पोरीले म्या शिव्या देल्ल्या वहिनी. ते तुमी वापस घेता काय?"

मी उठले.

निघताना मी तुळजाबाईंना तुझ्या वर्षाचं विचारलं. त्या म्हणाल्या, हजेरी भरत नाही म्हणून कॉलेजनं कळवलंय, पोरगी आता इथंच शाळेत मदतनीस म्हणून लागायचं बघते. मी तिथून घरी न जाता स्टेशनवर गेले.

आज तुमच्या प्राचार्य बाईंना भेटले. त्यांच्या टेबलाशी कारकून होता, दोन मुली सही घ्यायला उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, बसा, यांचं आटपू द्या. मी म्हटलं, यांच्यासमोर सांगितलं तरी चालेल. आणि सांगितलं: ही मुलगी गैरहजर का राहिली, तिची आई कोणाच्या घरात पडली, आणि आधी महिनाभर तिला खोटं लिहून कोणी अडवलं. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. पुढे शिक्षिका होतील त्या. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?" मी म्हटलं, तिला पाढे मी शिकवले.

त्यांनी रजिस्टर पाहिलं. तुझे पहिल्या वर्षाचे गुण पाहिले. म्हणाल्या, राहिलेले पाठ मार्चमध्ये रोज दोन घेतले तर परीक्षेला बसवता येईल. दवाखान्याचा कागद लागेल आणि आठवड्यात हजर झालं पाहिजे. त्यांचं वेगळं पत्र कॉलेजच्या पाकिटातून येईल. माझं उघडू नकोस हवं तर, ते उघड.

आता राहिलं आईपाशी कोण बसणार ते. मावशी दिवसभर दुसऱ्यांच्या शेतावर असते. मी बसेन म्हणते. सकाळच्या बसनं येईन, मावशी परतली की निघेन. तुझी आणि आईची ना असेल तर नाही येणार. मग दुसरी कोणी बाई बघू. तू जा मात्र.

सुनीती


लोणी काळभोर
२९ मार्च २००१

चि. श्रद्धा,

पुन्हा चि. लिहिलं आहे. चालत नसेल तर खोडून वाच.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी येते आहे. तू जाताना मला काही बोलली नाहीस. औषधांच्या वेळा सांगितल्यास आणि आईला गरम पाण्यानं शेकायचं कसं ते दाखवलंस, तेवढं पुरे होतं. पहिल्या दिवशी तुझी आई मला म्हणाली, "या. पन माफी मांगत बसू नोका. काम असंन ते करा." मी तसंच करते. पहिल्या आठवड्यात माझ्या भाकरीच्या कडा फाटायच्या. ती बघायची आणि खायची. आता बऱ्या होतात.

खरं ते सांगते, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. तिचा डावा पाय सुधारतो आहे, उजवी टाच अजून टेकवत नाही. पाठ संध्याकाळी दुखते, तेव्हा ती चिडते आणि मला घालवून देते. परवा पायरी उतरून अंगणात गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की काठी कायमची लागेल. हे तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, "लागू द्या."

घरी काका आता भिंतीला सोडून माझ्याकडे बघून बोलतात. पहिल्या तारखेला आम्ही दोघं एकाच रिक्षातून कोर्टात गेलो. वाटेत ते म्हणाले, "जाळीवाला एका फोनवर आला असता." मी हो म्हटलं. पुढची तारीख जूनमध्ये आहे. तुझ्या आईला साक्षीला बोलावलं आहे. ती काय सांगणार हे मी विचारलेलं नाही.

तुझे पाठ कसे चालले आहेत हे तिला ऐकायचं असतं, मला नाही लिहिलंस तरी मावशीच्या नावानं लिही. पोस्टमन वाचून दाखवील, नाहीतर शेजारची मुलं दाखवतील.

आत्ता ती खाटेवर बसून शेंगा फोडते आहे. मी म्हटलं, कांताबाई, शरदाला पत्र लिहिते आहे, तुमचा काही निरोप? तिनं मुठीतल्या शेंगा फोडून संपवल्या. मग म्हणाली, "लिवा, का मी सुनीतीवहिनीशी बोलत नाय."

लिहिलं.

सुनीतीकाकू